जुलाब-उलटीच्या दिवशी बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, कोणत्या नाही?

उपकेंद्र_यावल

उपकेंद्राच्या यादीत बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्यांचा साधारण नमुना असा. वय साठीच्या आसपास, वजन ५०-५५ किलो, केळीत नाहीतर कपाशीत अजून कामाला. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ ची एकत्र गोळी. जेवणाआधी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० एसआरची (हळूहळू सुटणारी) एकत्र गोळी. स्वस्त झाल्यापासून त्यात डापाग्लिफ्लोझिन १० ची भर. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक असतंच, पण विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात. वर लग्नाच्या पंगती, आखाजीचे मांडे आणि आमरस, आणि टँकरचं पाणी. जुलाब लागले की आशाताईंना फोन येतो, "गोळ्या घेऊ का बंद करू?" काही जण सगळंच बंद करून महिनाभर तसेच राहतात. काही जण तीन दिवस पोटात अन्न नसताना सगळंच चालू ठेवतात. विचारलं तर "चक्कर येस" एवढंच सांगतात.

मला आशाताईंच्या हातात देता येईल असं एक पान करायचं आहे. त्या दिवशी काय थांबवायचं, किती दिवस, पुन्हा कधी सुरू करायचं आणि कोणाला थेट पुढे पाठवायचं? दुसरं म्हणजे, या वयाच्या माणसाची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.४ आली तर खूश व्हायचं की घाबरायचं? डोस कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम आहे हे माहीत आहे. पण डॉक्टर २० किलोमीटरवर आणि फोन रात्री दहाला येतो.

मेडिसिन_धुळे

आधी घाम येणं आणि आजारी पडणं यांत फरक करा. शेतातून घामाघूम होऊन आला, पण जेवतोय, पाणी पितोय, लघवी नीट होतेय, अशा माणसाची एकही गोळी फोनवर बंद करू नका. चोवीस तासांत तीन-चारपेक्षा जास्त पातळ जुलाब, सारख्या उलट्या, किंवा तापात अन्नपाणी सुटलेलं, अशा वेळी नियम लागू होतो.

त्या दिवशी तुमच्या नमुन्यातली सगळीच औषधं थांबवण्याच्या यादीत येतात, पण प्रत्येकाचं कारण निराळं. किडनीच्या गाळणीत एक नळी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते. अंगातलं पाणी घटलं की किडनी आणणारी नळी सैल ठेवते, नेणारी आवळते आणि गाळणीतला दाब कसाबसा टिकवते. टेल्मिसार्टन नेणारी नळी आवळू देत नाही. डायक्लोफिनॅक आणणारी सैल राहू देत नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड मुळात पाणीच घटवतं. तिन्ही एकत्र आली की किडनीच्या हातात काही उरत नाही. ब्रिटनमधल्या बीपीची औषधं घेणाऱ्या ४,८७,३७२ लोकांच्या नोंदींवर २०१३ मध्ये एक अभ्यास आला. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि पाण्याची गोळी यांत डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक मिसळलं की किडनी अचानक बिघडण्याचा धोका ३१ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि पहिल्या तीस दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. दोघांपैकी एकाच गोळीसोबत वेदनाशामक असेल तर अशी वाढ दिसली नव्हती. म्हणून जुलाब असोत-नसोत, तुमच्या पानावर पहिली ओळ डायक्लोफिनॅकची असू द्या.

मेटफॉर्मिन किडनी खराब करतं हा गैरसमज गावोगाव आहे. ते किडनी खराब करत नाही, किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी थंडावली की अंगात साठतं आणि लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं. एरवीही ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ४५ च्या खाली गेला की डोस निम्मा, ३० च्या खाली बंद.

डापाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर आणि तिच्यामागे पाणी काढत राहतं, पेशंट जेवला असो वा नसो. उपाशीपोटी त्यात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात. इथे चकवा असा की शुगर १८०-२०० च असते, म्हणून कुणाला संशय येत नाही. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास असं दिसलं तर शुगर कितीही असो, दवाखाना. लघवीची कीटोन पट्टी उपयोगी आहे, पण ती कमी दाखवू शकते. पट्टी स्वच्छ आली म्हणून पेशंटला घरी बसवू नका. कडक उपासालाही हीच गोळी आणि ग्लिमेपिराइड आधी विचारून थांबवायची असते.

ग्लिमेपिराइडचं कारण सरळ आहे: जेवण नाही तर ती गोळी नाही. किडनी मंदावलेली असेल तर पडलेली शुगर साखर देऊन वर येते आणि काही तासांनी पुन्हा पडते. अशा माणसाला "बरं वाटतंय ना, झोपा" म्हणून सोडू नका. चोवीस तास कुणीतरी जागं हवं.

न थांबवायची औषधं पानावर मोठ्या अक्षरात लिहा. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, टाइप वनमध्ये तर कधीच नाही. जेवण नसलं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन लागतं. डोस डॉक्टरांना विचारून कमी करता येतो, तोवर दर चार-सहा तासांनी शुगर पाहा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या आणि क्लोनिडीन एकदम तोडले तर बीपी किंवा छातीचं दुखणं उसळतं. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन, फिटची औषधं, थायरॉइड, प्रेडनिसोलोन चालू. अ‍ॅम्लोडिपिन चालू, पण वरचं बीपी १०० च्या खाली असेल तर तो डोस देण्याआधी विचारा.

पुन्हा सुरू कधी? नेहमीसारखं खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी, सगळं एकाच सकाळी. तारीख तिथल्या तिथे कागदावर लिहा. तिसऱ्या दिवशीही जुलाब थांबले नसतील तर घरी वाट पाहायची नाही, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते) आणि पोटॅशियम तपासायचं. आठ तास लघवी नाही, बरळतोय, वरचं बीपी ९० च्या खाली, घोटभर पाणीही टिकत नाही, यातलं एक जरी असलं तरी थेट पुढे.

एक कबुली देतो. हे आजारी दिवसाचे नियम तज्ज्ञांच्या सहमतीवर उभे आहेत. औषधांच्या चाचण्यांसारखा भक्कम तौलनिक पुरावा यांच्यामागे नाही. तर्क पक्का आहे, पण गोळी बंद होऊन सुरूच न होण्याचं नुकसानही तितकंच खरं आहे.

तापीकाठचा_फार्मासिस्ट

सरांनी औषधं एकेक सुटी धरून सांगितली. पेशंटच्या पिशवीत ती सुटी नसतात. टेल्मिसार्टनच्या पाकिटावर नावापुढे बारीक अक्षरात एच, एएम किंवा सीटी असतं. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, एएम म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन. म्हणजे "अ‍ॅम्लोडिपिन चालू, टेल्मिसार्टन बंद" हे एएमच्या गोळीत जमतच नाही. अशा वेळी सगळी गोळी त्या दोन दिवसांपुरती थांबते आणि बीपी रोज मोजायचं. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनचंही तसंच. एसआर गोळी अर्धी तोडून किंवा कुटून द्यायची नाही, हळूहळू सुटणारा सगळा डोस एकदम सुटतो.

म्हणून आशाताईंच्या पानावर औषधांची नावं लिहून भागणार नाही. पेशंटच्या रिकाम्या स्ट्रिपवरच खूण करा. लाल पेननं फुली: जुलाबात बंद. हिरवी गोल खूण: बंद नाही. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळतं. मात्र दर महिन्याला स्ट्रिप पाहायची, कारण दुकानदार ब्रँड बदलतो आणि खूण जुन्या ब्रँडवर राहते.

एक गोष्ट नेहमी सुटते. कितीतरी जणांच्या शुगरच्या गोळीत तिसरं औषध असतं, व्होग्लिबोज. ते आतड्यात साध्या साखरेचं ग्लुकोज होऊ देत नाही. अशा माणसाची शुगर पडली आणि घरच्यांनी साखर-पाणी, गूळ किंवा पेढा दिला तर शुगर वेळेत चढतच नाही. त्याला ग्लुकोज पावडरच लागते: सपाट तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांनी मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तितकीच. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. घरात ग्लुकोजचा डबा आहे का, हे उपकेंद्राच्या भेटीत बघण्यासारखं आहे.

ओआरएसबद्दल "शुगरवाल्याला चालतं का?" हे रोजचं. चालतं, आणि द्यायचंच. एक लिटर खऱ्या ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, अर्ध्या भाकरीतल्या पिठूळपणाइतकंही नाही. तेवढं ग्लुकोज नसेल तर आतड्यातून मीठ-पाणी ओढलंच जात नाही. दर जुलाबामागे एक ग्लास, घोट घोट. चूक होते ती मापात. मोठं पाकीट, साधारण २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटरला असतं. लहान पाकीट २०० मिलीला. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून पाजलं तर पाचपट खारट पाणी पोटात जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम चढतं. मिसळलेलं चोवीस तासांनी फेकायचं. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली, पण लोक मागताना अजून त्याच नावानं मागतात. पाकिटावर सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट, ग्लुकोज हे चार घटक ग्रॅममध्ये छापलेले बघून घ्या.

डायक्लोफिनॅकबद्दल: "पॅरासिटामॉलच घेतो" म्हणणाऱ्याची स्ट्रिप उलटून पाहा. नव्या नावाच्या एकत्र गोळीत बहुतेकदा अ‍ॅसिक्लोफिनॅक नाहीतर डायक्लोफिनॅक जोडीला असतं. साधं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल चोळलं तर रक्तात फार थोडं जातं, तो मधला मार्ग बरा. आणि आठवडे बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्या! त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. अशा पुड्या महिनोन्‌महिने खाणारा जुलाबात त्या एकदम सोडतो, तेव्हा बीपी कोसळायला तेही कारण असू शकतं. पिशवीत पुडी दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उपकेंद्र_यावल

भाऊ, लाल-हिरव्या खुणेचं मनापासून पटलं. दोन शंका. हार्ट फेल्युअरवाले टॉर्सेमाइड घेतात, त्यांचंही पाण्याच्या गोळीचं तेच का? आणि एचबीएवनसीचं राहिलंच.

मेडिसिन_धुळे

टॉर्सेमाइड वेगळं. त्याच्यावर लाल खूण नको. निळी करा: "आजच फोन". जुलाबात ती चालू ठेवली तर कोरडा पडतो, बंद ठेवली तर दोन दिवसांत पाय सुजून दम लागतो. दोन्हीकडून अडचण, म्हणून निर्णय वजनावर. रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, तितकंच घटलं तर कोरडा पडतोय. उन्हाळ्यातल्या वाळवणाकडेही लक्ष असू द्या. पापड, कुरडया, बिबडे ताटात आले की मीठ वाढतं, आणि नेमकं याच लोकांचं वजन चढतं.

लॅब_शहादा

एचबीएवनसी ६.४ बघून खूश किंवा नाराज होण्याआधी हिमोग्लोबिन विचारा. नंदुरबार जिल्हा, शिरपूर, चोपडा आणि यावलचा सातपुड्याकडचा पट्टा इथे सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. पूर्ण सिकलसेल आजार असलेल्यात तांबड्या पेशी लवकर मरतात. एचबीएवनसी म्हणजे पेशीच्या आयुष्यभर चिकटलेली साखर. पेशी अल्पायुषी असेल तर आकडा खोटा कमी. त्यांची एचबीएवनसी करूच नये. वाहक (आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेले) असलेल्यांचं प्रकरण जास्त फसवं, कारण ते ठणठणीत असतात आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या ४,६२० जणांवरच्या २०१७ च्या अभ्यासात उपाशीपोटीची शुगर तितकीच असताना वाहकांची एचबीएवनसी सरासरी ०.२९ नं कमी निघाली. म्हणजे ६.४ च्या मागे ६.७ असू शकतं. सरासरीच ती, एकेका माणसात फरक जास्तही असेल.

उलटी चूक लोहाच्या कमतरतेत. त्यातून आलेल्या जुनाट पांडुरोगात (रक्तक्षयात) पेशी जास्त दिवस टिकतात, आकडा खोटा वाढतो. आपल्या भागातल्या बायकांमध्ये दोन्ही एकत्र असू शकतात, मग त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. रिपोर्टवर पद्धत छापलेली असते. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रपद्धत) असेल तर आलेख मागा, त्यात अनोळखी हिमोग्लोबिनची खिडकी वेगळी दिसते. शंका असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर, आठवड्यात दोन-तीन दिवस, हाच खरा आधार.

आता नमुन्याचं, कारण जुलाबानंतर पोटॅशियम तपासायला सांगितलंय. दंडाला पट्टा आवळून मूठ वळायला-उघडायला लावलं तर पोटॅशियम खोटं वाढतं. बारीक सुईतून जोरात ओढलं, किंवा नळी मोटरसायकलवर हादरत आणली तर पेशी फुटतात, पुन्हा खोटं वाढतं. ऊन म्हणून नळी बर्फात ठेवतात, तीही चूक. गारठलेल्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात. बर्फही नको, ऊनही नको. सावलीत सरळ उभी ठेवा, शक्य तितक्या लवकर सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी) वेगळं करा. शुगरच्या बाबतीत, फ्लोराइड नसलेल्या नळीत पेशी तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात, उन्हात त्याहून जास्त. सकाळी आठला काढलेलं रक्त दुपारी एकला पोचलं तर २०० चे १५० दिसतील आणि सगळे म्हणतील नियंत्रण उत्तम. राखाडी झाकणाच्या नळीतही फ्लोराइड काम करायला तास-दीड तास घेतं. उपकेंद्रावरच ग्लुकोमीटरनं मोजून तो आकडा फॉर्मवर लिहून पाठवा, ते बरं.

क्रिएटिनिनबद्दल एकच. ५० किलोच्या, मांसल नसलेल्या माणसात १.१ दिसायला छान, पण ते किडनी चांगली असल्याचं प्रमाणपत्र नाही. स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी. त्याच माणसाचा तीन महिन्यांपूर्वीचा आकडा शोधून ताडून पाहा.

हृदय_आणि_शुगर_जळगाव

लॅबवाल्यांचं मान्य. आकडा खरा आहे असं धरून पुढचं बोलतो.

ग्लिमेपिराइड घेणाऱ्या साठीच्या शेतकऱ्याला ६.४ म्हणजे माझ्या लेखी शाबासकी नाही, चौकशी. शुगर कमी करण्याचा फायदा पक्का आहे. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात १९७७ पासून नव्यानं निदान झालेले ५,१०२ लोक होते, १९९८ मध्ये निकाल आले. सरासरी ७.९ ऐवजी ७.० ठेवल्यानं डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. मग सगळ्यांना वाटलं, आणखी खाली नेऊ. अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत १०,२५१ लोकांपैकी अर्ध्यांना ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला: कडक गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. दवाखान्याची मदत लागेल इतकी शुगर पडणं कडक गटात १०.५ टक्के, दुसऱ्यात ३.५. त्याच वर्षीच्या अ‍ॅडव्हान्स चाचणीत ११,१४० लोकांपैकी कडक गटातले अर्धे ग्लिक्लाझाइडवर (ग्लिमेपिराइडच्याच जातीची गोळी), घाई न करता ६.५ पर्यंत आले, तिथे मृत्यू वाढले नाहीत. मृत्यू शुगर पडल्यानंच झाले असं छातीठोकपणे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण आकडा किती यापेक्षा कशाच्या जोरावर आणि किती घाईनं गाठला, हे मोजायला हवं हे नक्की.

म्हणून ६.४ मेटफॉर्मिन आणि डापावर असेल तर असू द्या, ती दोन्ही एकटी शुगर सहसा पाडत नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असेल, पेशंट उन्हात राबतो आणि दुपारचं जेवण चुकवतो, तर ग्लिमेपिराइड निम्मी करण्याबद्दल उन्हाळ्याआधीच डॉक्टरांशी बोला. साठीतल्या धडधाकट माणसाला ७ ते ७.५, हृदय-किडनीचे आजार जडलेल्याला ८ पर्यंत चालतं.

धुळ्याच्या सरांशी एका बाबतीत मतभेद. मोजमाप नसताना आशाताईंनी फोनवर टेल्मिसार्टन थांबवावं, हे मला धोक्याचं वाटतं. जुलाब थांबतात, गोळी सुरू होत नाही, दोन महिन्यांनी पक्षाघात. "किडनीसाठी बंद केली" असं गावात एकदा पसरलं की शेजारीही बंद करतात. किडनी बरीच खालावलेल्या ४११ लोकांत या जातीच्या गोळ्या बंद करून पाहिल्या, २०२२ चा निकाल. तीन वर्षांनी किडनीला काही फायदा दिसला नाही. डापाचंही तेच. किडनीच्या आजारात ४,३०४ लोकांवर चाचणी झाली, फायदा इतका स्पष्ट की ती २०२० मध्ये वेळेआधी थांबवली. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर बाऊ करू नका.

बीपीचं उन्हाळ्यातलं वेगळं. उष्णतेनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी आपोआप उतरतं. थंडीत बसवलेला डोस मेमध्ये जड होतो. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर ती चक्कर अशक्तपणाची नाही, डोसची आहे. स्प्रिंट चाचणीत ९,३६१ लोक होते, वरचं बीपी १२० च्या खाली नेलेल्यांत मृत्यू घटले, पण किडनीची अचानक दुखापत ४.१ टक्क्यांत, दुसऱ्या गटात २.५. त्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते. शिवाय बीपी शांत खोलीत पाच मिनिटं बसवून यंत्रानं तीनदा मोजून सरासरी काढत. बाजाराच्या दिवशी रांगेत उभ्यानं घेतलेल्या १३८ ला तो नियम लावू नका.

मेडिसिन_धुळे

मुद्दा बरोबर आहे. मग पानावर असं करा: बीपी मोजता आलं आणि वरचा आकडा ११० च्या खाली असला, किंवा जुलाब-उलट्या इतक्या की काही टिकत नाही, तरच टेल्मिसार्टन थांबवा. आणि थांबवलेल्या दिवशीच आशाताईंच्या वहीत तिसऱ्या दिवसाची तारीख. डायक्लोफिनॅक, डापा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसाठी बीपीची वाट पाहायची गरज नाही.

शुगर_शिक्षिका_अमळनेर

इन्सुलिनच्या सिरिंजचं आणि साठवणीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, उन्हाळ्यात गडबड तिथेच होते.

पहिला धोका सिरिंजचा, उन्हाचा नाही. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या बाटल्या आणि मिलीला १०० युनिटचं इन्सुलिन दोन्ही फिरतं. लाल झाकणाची सिरिंज ४० ची, केशरी झाकणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल झाकणाच्या सिरिंजनं २० च्या रेषेपर्यंत भरलं की अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. बाटलीवरचा आकडा आणि झाकणाचा रंग दोन्ही दाखवायला सांगा, नुसतं "२० घेते" यावर विसंबू नका.

साठवण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसतं पण गेलेलं असतं. वापरातली बाटली चार आठवडे बाहेर चालते. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीच्या तापमानावर आधारलेला २०२१ चा अभ्यास सांगतो की २५ ते ३७ अंशांत वर-खाली होत चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद एक टक्काही घटली नाही. ३७ पर्यंत, हे विसरू नका. मेमध्ये पत्र्याच्या घरातलं कपाट ३७ वर थांबत नाही.

फ्रिज नसेल तर मातीची दोन भांडी. मोठ्या मडक्यात वाळू, तिच्यात लहान मडकं गळ्यापर्यंत, वाळू ओली, वर ओलं फडकं. इन्सुलिन झाकणाच्या कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात, पाण्यात बुडवून नाही. घरात वारा लागेल अशा सावलीत. कोंदट कोनाड्यात गारवा येत नाही, कारण गारवा बाष्प उडण्यानं येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. जूनचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तितकं चालत नाही, तेव्हा आत साधा थर्मामीटर ठेवून बघा. ढगाळ इन्सुलिन टोचण्याआधी तळव्यांत दहा वेळा फिरवा, दहा वेळा उलटंसुलटं करा. तरी गुठळ्या किंवा भिंतीला चिकटलेले कण दिसले तर बाटली बाद. आणि उन्हातून आल्या आल्या टोचलं तर तापलेल्या कातडीतून इन्सुलिन वेगानं शोषलं जातं, शुगर लवकर पडते. अर्धा तास सावलीत बसून, ताट समोर आल्यावरच टोचा.

उपकेंद्र_यावल

पान जवळजवळ झालं. शेवटची शंका इथलीच. यावल-रावेरमध्ये केळी फुकट मिळतात, कटाईच्या दिवसात मजूर दिवसाला पाच-सहा खातात. टेल्मिसार्टनवाल्यांना केळी बंद सांगायची का? शुगरसाठी नाही, पोटॅशियमसाठी विचारतोय.

मेडिसिन_धुळे

सरसकट नाही. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम. किडनी चांगली असेल तर ती ते बाहेर टाकते. पोटॅशियम ५ च्या आत असेल तर एक केळं चालू द्या. मग अडवते ती शुगरच, कारण त्याच केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर असते. ५.५ च्या वर गेलं तर केळी, नारळपाणी आणि ते "लो सोडियम" मीठ तिन्ही बंद, आणि लॅबवाल्यांनी सांगितलं तसं रक्त पुन्हा नीट काढून खात्री.

मिठाकडे जास्त लक्ष द्या. चीनमधल्या ६०० गावांत, २०,९९५ लोकांत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून पक्षाघात घटले, २०२१ चा निकाल, बातमी खरी आहे. पण किडनीचा गंभीर आजार असलेले त्यात नव्हते. अशा मिठाच्या ५ ग्रॅमच्या चमच्यात सुमारे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, दीड केळ्याहून जास्त, आणि ते कुणाला दिसत नाही.

खरी जोडी जपायची ती टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखणारी पाण्याची गोळी). १९९९ च्या रेल्स चाचणीत हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. तिथे पोटॅशियम वेळच्या वेळी तपासत होते. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओत औषध धडाधड लिहिलं गेलं आणि पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये ११ वर गेलं. औषध तेच, तपासणी राहून गेली. म्हणून ही जोडी सुरू झाली की पोटॅशियम-क्रिएटिनिन एका आठवड्यानं, मग चार आठवड्यांनी. तुमच्या यादीत अशी किती नावं आहेत ते काढा, आणि त्यांच्या स्ट्रिपवर लाल खुणेखाली आणखी एक रेघ मारा.